मिरजेचं नाव काढायचं नाही

आमच्या आष्ट्यातून मिरजेला कुणी जात नाही. म्हणजे एसटी भरभरून जातात, पण स्टँडवर कुणालाही विचारा, "सांगलीला निघालोय" असंच उत्तर येणार. मिरजेत मोठं जंक्शन आहे, सतारी-तंबोरे करणाऱ्यांची दुकानं आहेत, पण आमच्या भागात मिरज म्हणजे दवाखाना. "त्यास्नी मिरजेला नेलंय" एवढं कानावर आलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही, नुसता "आरारारा" करतो. माझ्या सासऱ्यांना मिरजेला नेलं तेव्हा ते स्वतःच्या पायांनी जीपमध्ये चढले होते. येताना त्यांना चौघांनी उतरवलं. तेव्हापासून आमच्या घरात मिरजेचं नाव कुणी काढत नाही.

मी माहेरची कराडची. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींना धडकतात, ते बघत वाढलेलं माणूस कुठल्याच पाण्यावर भरवसा ठेवत नाही. त्यात मी हायस्कूलला मराठी शिकवते. परीक्षेला पोरगं बाकावर कसं बसलंय यावरून मला कळतं की चिठ्ठी मोज्यात आहे का बाहीत. त्या बाबतीत अख्ख्या शाळेत माझा हात कुणी धरत नाही. मालक म्हणतात, "तू पोलिसात असायला पायजे हुतीस." मालक म्हणजे आमचे हे. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणायची पद्धत आहे. मालकी कुणाची ते घरात आल्यावर कळतं. ठिबकच्या पाइपांचं दुकान, थोडा ऊस आणि दिवसभर गालात तंबाखू, असं त्यांचं सगळं सरळ चाललं होतं.

ते गेल्या पावसाळ्यात वाकडं व्हायला लागलं. आधी तंबाखू सुटली. इतकी वर्षं मी सांगून, रडून, डबी विहिरीत फेकून जे झालं नव्हतं ते एका दिवसात झालं. विचारलं तर म्हणाले, "कट्टाळा आला." तंबाखूचा कंटाळा? माणसाला बायकोचा कंटाळा येईल, तंबाखूचा येत नाही. मग तिखट सुटलं. खरड्याशिवाय ज्यांच्या घशाखाली भाकरी उतरत नव्हती ते दुधात भाकरी कुस्करून खायला लागले. रविवारी मटण केलं तर रस्सा तसाच वाटीत. "ॲसिडिटी झालीया," म्हणाले. मग त्यांचा स्वभावच सुटला. मी भांडी आपटली तरी ओरडेनात, उलट "राहू दे, दमलीस तू" असं म्हणायला लागले. लग्न झाल्यापासून मी दमतेच आहे, ते यांना आत्ताच कसं दिसलं? पाणी कुठंतरी मुरत होतं.

कुठं मुरतंय ते शेजारणीनं सांगितलं. तिची जाऊ बाळंतपणाला मिरजेत होती. तिकडून डबा देऊन आली आणि भिंतीवरून डोकावून हळूच म्हणाली, "वैनी, भावजी काल मिरजंत दिसलं. दवाखान्याच्या दारात चहा पीत हुतं. बरं हाय न्हवं सगळं?"

"दुसरं कुणीतरी आसंल," मी म्हणाले आणि भाकरी करपतेय म्हणून आत पळाले. तव्यावर भाकरी नव्हतीच. आदल्या दिवशी मालक पंपाचं बेअरिंग आणायला सांगलीला गेले होते. निदान मला तसं सांगून गेले होते.

मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते खोटं बोलले असते, खोटं मी पकडलं असतं, आणि पकडल्यावर खरं ऐकावं लागलं असतं. मला खरं ऐकायची भीती वाटत होती, लपवून काय करू. शाळेच्या व्हरांड्यात तंबाखूचं एक मोठं पोस्टर आहे, त्यात माणसाचं उघडं तोंड आणि आत पांढरा चट्टा. त्या पोस्टरकडं पाठ करून स्टाफरूमला जायची मी सवय लावून घेतली. मालक मात्र ताकास तूर लागू देत नव्हते. खुशाल दुकानात जायचे, यायचे, आणि वर शीळ घालायचे.

त्यात पोरीनं टुमणं लावलं. ती कराडला इंजिनियरिंगला आहे. भाऊबीज झाली की नेपाळला जायचं, पाठीवर सॅक टाकून, मिळेल त्या गाडीनं, मिळेल त्या खोलीत. आणि तिथं पॅराग्लायडिंग करायचं. पॅराग्लायडिंग म्हणजे वर कापड, कापडाला दोऱ्या, दोऱ्यांना माणूस आणि माणसाच्या खाली काही नाही, हे तिनं मला मोबाइलवर दाखवलं. मला खात्री होती की मालक तिला उडवून लावणार. हा माणूस टाकीत पाणी किती आहे ते बघायला शिडी चढला की घामानं भिजतो. विहिरीच्या काठावर उभं राहून खाली बघत नाही. त्यांनी ताटातून मान वर न करता सांगितलं, "जाऊ की. आन उडणार मीबी."

पोरगी आनंदानं किंचाळली. माझ्या हातातला कालथा हातातच राहिला. माणूस राहिलेल्या गोष्टी उरकायला कधी घेतो, हे मला कुणी शिकवायला नको. सासऱ्यांनी शेवटच्या वर्षी सगळ्या बहिणींना बोलावून पुरणपोळ्या घातल्या होत्या. तेव्हा आम्ही म्हणत होतो, आबांना बहिणींची माया सुटलीय.

पुण्याहून गोरखपूरची गाडी धरली, तिथून सरहद्दीवरचं सुनौली. परदेश म्हणजे एक कमान निघाली. अलीकडं जी धूळ तीच पलीकडं. कमानीखाली एक जण "रूम, टॅक्सी, सब मिलेगा" करत मागं लागला, त्याच्याकडं मी सुपरव्हिजनचा डोळा करून बघितलं, तसा तो निघून गेला. पलीकडच्या गावात कुत्र्यांच्या गळ्यात सुकलेल्या झेंडूच्या माळा होत्या आणि कपाळाला लाल टिळे. "मम्मी, इथं दिवाळीत कुत्र्यांची पूजा करतात," पोरगी कौतुकानं म्हणाली. जिथं कुत्र्याला ओवाळतात तिथं माणसाला डोंगरावरून ढकलत असतील तर नवल नाही, असं मी मनात म्हटलं.

पुढं काही दिवस आम्ही डोंगरातल्या खेड्यांमधून चालत होतो. पोरीनं मला ट्रॅक पँट घालायला लावली होती, त्यामुळं मला स्वतःचाच भरवसा वाटेना. पोरगी पुढं, मी मधे आणि मालक सगळ्यात मागं. दम लागतो म्हणून मागं राहतात का, हे बघायला मी थांबले की तेही थांबायचे.

"तुमी व्हा की म्होरं," मी म्हणायची.

"तू चाल. मी हाय मागं."

"पण मागं का?"

"आसंच," म्हणायचे आणि डोंगराकडं बघायचे. आता त्या डोंगरांवर बर्फ होतं आणि बघण्यासारखं होतं हे खरं, पण जो माणूस कराडला जाताना खिडकीबाहेरसुद्धा बघत नाही त्यानं असं टक लावून बघावं? जेवणात वरण-भात आणि पाल्याची भाजी, तिखटाचं नाव नाही, आणि हा आष्ट्याचा गडी बोटं चाटून खात होता. चावायचा मात्र एकाच बाजूनं. ते मला दिसत होतं.

एका संध्याकाळी तर कहर झाला. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या ओसरीवर बसून ते पोरीला मळ्यातल्या मोटरचा स्टार्टर समजावून सांगत होते. फ्यूज कुठला, लाइट येऊन-जाऊन करायला लागली तर काय करायचं, व्हॉल्व्हची चावी गोठ्यात कुठं टांगलेली असते. नेपाळात, बर्फाच्या डोंगरासमोर, आमच्या व्हॉल्व्हची चावी! असलं माणूस पोरीला कधी सांगून ठेवतो? मी आत खोलीत होते. सॅकमध्ये तोंड घालून रडले, आणि बाहेर येऊन चहा पाणचट झालाय म्हणून भांडले.

उडायचा दिवस आला तेव्हा मी आदल्या रात्रीपासून पावसाची वाट बघत होते. पाऊस पडला नाही. आभाळ स्वच्छ होतं, ऊन कोवळं, आणि आम्ही उतरलो होतो त्या पोखरा शहराचं तळं खाली निवांत पसरलेलं. जीपनं आम्ही सारंगकोटच्या डोंगरावर गेलो. माथ्यावर गवताचा उतार होता आणि त्या उतारावरून माणसं जोडीजोडीनं पळत जाऊन नाहीशी होत होती. पुढं प्रवासी, मागं त्याला बांधलेला पायलट. पायलट म्हटल्यावर मी टोपी-बिल्ला असलेला माणूस डोळ्यांपुढं आणला होता. हे सगळे गॉगल लावलेले, केस वाढवलेले.

मालकांच्या पायलटला मी बाजूला घेतलं. "शादी हुआ क्या?" विचारलं.

"हुआ, दिदी."

"बच्चा?"

"एक छोरी."

जरा बरं वाटलं. पोरगी असलेला माणूस घरी जायची काळजी करतो. तरी मी प्रत्येक बकल ओढून बघितलं. एक दोरी मला इतरांपेक्षा मळकी वाटली, तीही दाखवली. तो हसला, "दिदी, तुम भी उडेगा?" मी म्हटलं, "मला जमिनीवर कामं हायत." ते त्याला मराठीतच सांगितलं आणि त्याला कळलं.

पोरगी आधी गेली. पळाली, पाय उचलले आणि गेली. हसण्याचा आवाज तेवढा थोडा वेळ ऐकू येत राहिला. तिची मला इतकी भीती वाटली नाही, का कोण जाणे. माझी सगळी भीती दुसरीकडं अडकलेली होती.

मग मालक माझ्याकडं आले. मनगटावरचं घड्याळ काढलं, पाकीट काढलं, गळ्यातली जोतिबाच्या टाकाची साखळी काढली, मोबाइल त्यावर ठेवला आणि ते सगळं माझ्या ओंजळीत दिलं. "नीट धर," म्हणाले. मिरजेत सासऱ्यांना आत नेलं तेव्हा सासूबाईंच्या ओंजळीत असंच सगळं काढून दिलं होतं आणि त्या ते घेऊन रात्रभर बाकड्यावर बसल्या होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं की जाऊ नका. ओरडले नाही. सगळ्या देशादेशांच्या माणसांसमोर काय ओरडायचं?

"दौडना, बैठना नहीं," पायलट सांगत होता. मालकांनी एकदा खाली बघितलं आणि लगेच मान फिरवली. त्यांनी डोळे मिटले, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी ठोकली आणि धावत सुटले. उतारावर उभे असलेले गोरे लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, आमच्याकडं उडताना असंच म्हणतात. एवढ्यात मालक दिसेनासे झाले.

खाली तळ्याकाठी उतरायची जागा होती. तिथं मला न्यायला तीच जीप होती, पण आता जीपमध्ये ड्रायव्हर, मी आणि तीन सॅक. रस्ता वळणांचा, झाडी दाट, आभाळ दिसेना. ड्रायव्हरच्या समोर एक वायरलेस ठेवलेला होता आणि त्यातून सगळे पायलट आपसात बोलत होते. खरखर, हसणं, काहीतरी नेपाळी. मी कान देऊन ऐकत होते. दाइ म्हणजे मोठा भाऊ, एवढं एव्हाना कळलं होतं. सगळे मालकांना दाइ म्हणायचे.

खरखर झाली आणि आवाज आला, "इंडियन दाइ... माती... माती गयो."

मी ताठ झाले. आता हे कुणा पुण्या-मुंबईच्या बाईला ऐकू आलं असतं तर तिला काही वाटलं नसतं. पण आमच्याकडं माती म्हणजे एकच. गावात कुणी वारलं तर "आज मळ्यात माती हाय" म्हणतात. अंत्यविधीला निघालेला माणूस "मातीला निघालोय" म्हणतो. माझ्या वर्गातली पोरं गैरहजेरीचं कारण म्हणून सगळ्यात जास्त वेळा हेच सांगतात, "मातीला गेलतो, बाई." इंडियन दाइ, माती, गयो. यात न कळण्यासारखं काय होतं?

"क्या हुआ? किसका माती?" मी ड्रायव्हरच्या खांद्याला धरून हलवलं.

"माथि, दिदी, माथि!" तो हसत म्हणाला आणि एक बोट वर केलं. आभाळाकडं.

"म्हणजे?"

"ऊपर! दाइ ऊपर गया!"

नेपाळीत, हिंदीत, बोटानं, सगळ्या भाषांतून त्यानं मला एकच सांगितलं. गेला. वर गेला. मी ओंजळीतलं घड्याळ छातीशी धरलं आणि अशी ओरडले की त्यानं ब्रेक दाबला. मग त्याचंही हसू गेलं, तो घाबरला आणि गाडी जोरात पळवायला लागला. ती जोरात पळतेय हे बघून माझी उरलीसुरली शंका फिटली. साधं काही असतं तर माणूस गाडी एवढी पळवतो का? वायरलेस मधूनच "अझै माथि, अझै माथि" करत होता. मी दोन्ही कानांवर हात ठेवले. मोबाइल पायाशी पडला तो उचलला नाही. डोक्यात काय काय येत होतं: तंबाखू सोडा म्हणून इतकी वर्षं कशाला मागं लागले, राहिलेले दिवस तरी खुशाल खाल्ली असती, मटणाचा रस्सा पांढरा करून घातला असता, निदान विचारायचं तरी होतं. विचारायचं होतं ते विचारलं नाही आणि आता कुणाला विचारू, असं म्हणत मी त्या परक्या जीपमध्ये मोठ्यानं रडले.

तळ्याकाठच्या गवतात जीप थांबली तेव्हा पोरगी उतरून बसली होती. हातात फळांच्या रसाची बाटली, तोंडभर हसू. हिला अजून कुणी सांगितलं नाही, मला वाटलं.

"मम्मी, कसलं भारी! अगं, तू रडतेस का?"

"तुझं पप्पा..." मी त्यांचं घड्याळ पुढं केलं.

"पप्पा अजून वरच आहेत की. ते बघ." तिनं आभाळात बोट केलं. डोंगराच्याही वर, अगदी लहान, एक पिवळा ठिपका गोल गोल फिरत होता. "त्यांना वारा चांगला लागला, ते सगळ्यांच्या वर गेले. सगळे पायलट तेच बोलत होते."

माथि म्हणजे वर आणि अझै म्हणजे अजून, हे तिनं मला तिथं सांगितलं. मी गवतात बसले. हसावं का तिला एक द्यावी, कळेना. ठिपका मोठा व्हायला लागला, त्याला पाय फुटले, आणि थोड्या वेळानं मालक गवतावर बुडावर आपटून, घसरत येऊन थांबले. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी, आणि लहान पोरासारखं हसत होते. पायलट त्यांची बकलं सोडवत होता तेवढ्यात मी जाऊन समोर उभी राहिले.

"मिरजंत काय झालंय?" मी विचारलं.

हसू जागच्या जागी थांबलं. "कोण म्हणलं मिरज?"

"मी म्हणतीया. तोंडात चट्टा हाय न्हवं? डॉक्टर काय म्हणलं? पोरीम्होरं सांगा. डोंगरावरनं उड्या मारताय, मग सांगायला काय धाड भरलीया?"

पायलट बकल सोडवायचा थांबला. भाषा कळत नसली तरी नवरा-बायकोचं भांडण कळतं. मालक गवतात बसून राहिले, खाली बघून.

"हुता चट्टा," म्हणाले. "तुकडा काढून तपासाय दिलता. काय न्हाई निघालं. साधा हाय म्हणलं डॉक्टर. तंबाखू बंद, तिखट बंद, आन सा म्हैन्यानं परत दावायचं. बास."

"काय न्हाई निघालं?"

"काय न्हाई. दिवाळीच्या आधीच आला रिपोर्ट."

"मग ह्ये उडायचं खूळ कशाला?"

"नवस हाय."

पोरगी आणि मी एकमेकींकडं बघितलं. ते सांगायला लागले. रिपोर्ट घ्यायला गेले होते त्या दिवशी नंबर येत नव्हता. सासूबाई रात्रभर बसल्या होत्या तसल्याच बाकड्यावर बसले होते. तेवढ्यात पोरीनं हा उडायचा व्हिडिओ पाठवला, "पप्पा, उडायचं का?" म्हणून. "म्हणलं, जोतिबा, आजचा दिवस चांगला निघू दे, उडून दावतो. आन 'व्हय' म्हणून लिवून टाकलं. म्हणलेला नवस फेडाय नको?"

"तुमचा तो 'व्हय' मी जपून ठेवलाय, पप्पा," पोरगी म्हणाली. "मला वाटलं तुम्ही चुकून दाबलं." आणि ती त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली. बापलेक दोघंही दोऱ्यांत गुंतलेले. पायलट हळूच बाजूला झाला.

माझं समाधान झालं नव्हतं. "नवस जोतिबाला आन फेडायचा नेपाळात? बरं, आन स्टार्टर?"

"कसला स्टार्टर?"

"मळ्यातला. पोरीला सगळं सांगून ठेवत हुता ते?"

"आगं, इंजिनियरिंगला हाय ती आन तिला फ्यूज कळंना. लोकं काय म्हणतील?"

"मला 'दमलीस, दमलीस' करत हुता ते?"

"दमतीस म्हणून म्हणलं."

इतक्या महिन्यांचा एकेक पुरावा ते असा उडवून लावत होते. खरं सांगायचं तर माझा नवरा खुशीत होता. दवाखान्याच्या दारातून सुटून आलेला माणूस जसा असेल तसा खुशीत होता, शीळ घालत होता, बर्फ बघत होता. इतकी वर्षं संसार केला पण त्यांना असं खुशीत कधी बघितलंच नव्हतं, मग ओळखणार कशी? मी त्याला निरोप समजले.

पण राग जाईना. "आन वाईट निघालं असतं तर? कवा सांगणार हुता मला?"

त्यांनी गवताची एक काडी उपटली. मग म्हणाले, "लगीच न्हाईच सांगितलं असतं. माज्या मनातलं मला रेटता येतंय गं. पण तुज्या तोंडावर दिसलं असतं न्हवं, ते मला बघवलं नसतं."

"माज्या तोंडावर काय दिसलं असतं?"

"जे चार म्हैनं दिसतंय ते." आता ते माझ्याकडं बघत होते. "मला वाटलं, तुलाच काय तरी झालंय. भाकरी करपवतीस, एकटी रडतीस, विचारलं तर चहावरनं भांडतीस. मला वाटलं, हीच कुठंतरी जाऊन दावून आलीया आन मला सांगंना. म्हणून तर डोंगरात मागं मागं चालत हुतो. पडलीबिडलीस तर."

मी तिथंच, त्यांच्या शेजारी गवतात बसले. त्यांच्या हातात घड्याळ दिलं, पाकीट दिलं. साखळी मात्र मीच त्यांच्या गळ्यात घातली. मग मी मातीचं सांगितलं. ऐकून ते आधी हसले, खूप हसले, आणि हसता हसता त्यांनी माझा हात असा धरला की बांगड्या रुतल्या. सोडवून घ्यावा असं मला वाटलं नाही.

होळी झाली, शाळेच्या परीक्षा लागल्या, सहा महिने भरत आले. एका सकाळी मालकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पिशवीत पाण्याची बाटली टाकली. कुठं, ते बोलले नाहीत. मी आदल्या दिवशीच रजा टाकून ठेवली होती. शाळेत कारण विचारलं तेव्हा मी "नवऱ्याबरोबर जायचंय" एवढंच सांगितलं होतं. मी पायात चप्पल घातली तसे ते म्हणाले, "तू कशाला?" मी कुलूप लावलं.

रस्त्यानं त्यांनी दोन-तीनदा जिभेनं आतून गाल चाचपला, तेव्हा गाल फुगलेला दिसला. डॉक्टर काय म्हणतील ते त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं. भीती होतीच.

स्टँडवर शेजारीण उभी होती. जावेच्या पोराच्या उष्टावणाला निघाली होती. आम्हाला जोडीनं बघून तिनं डोळे बारीक केले.

"कुठं म्हणायचं, भावजी? नटूनथटून?"

मालकांनी तोंड उघडलं. "सां..." एवढं आलं होतं ओठांवर.

"मिरजंला," मी म्हणाले. मोठ्यानं, वर्गात हजेरी घेते तसं. बाकड्यावरच्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. शेजारीण "आरारा" म्हणणार होती, पण माझ्या चेहऱ्याकडं बघून ते तिनं गिळलं.

"दावायला चाललोय. आमी दोघं."

गाडी आली. मालक खिडकीपाशी बसले, मी त्यांच्या शेजारी. गाडी सुटल्यावर ते खिडकीतून बाहेर बघायला लागले, उसाकडं, विहिरींकडं. कंडक्टर आला तेव्हा त्यांनी खिशाकडं हात नेला, पण आधी मीच म्हणाले,

"दोन मिरज."